विश्लेषण : खिशात मावणारे पिस्तूल घडवणारे जॉन ब्राउनिंग कोण होते? त्यांचे शस्त्र नाशिकपर्यंत कसे पोहोचले?

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. बदली झालेले जिल्हाधिकारी जॅक्सन त्या प्रयोगाला आले आणि अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शाळेच्या इतिहासात हे सगळ्यांनी वाचलेले असते. त्याच ओघात ‘ब्राउनिंग पिस्तूल’ हा शब्दही डोळ्यांखालून जातो आणि ते एखाद्या कंपनीचे नाव असावे असे समजून आपण पुढे सरकतो. प्रत्यक्षात ब्राउनिंग हे माणसाचे नाव आहे. अमेरिकेतील युटा प्रांताच्या ऑग्डेन या गावातल्या बंदूक कारागिराचा हा मुलगा. अंगावर बाळगता येईल, खिशातून सहज निघेल आणि खिशात असताना आपोआप सुटणार नाही, असे आधुनिक पिस्तूल कसे असावे याचा साचा त्यांनी १८९५ ते १९१० या पंधरा वर्षांत ठरवून टाकला. आज जगात कुठेही छोटे पिस्तूल घेणारा माणूस जे प्रश्न विचारतो, त्यातले बहुतेक ब्राउनिंग यांनी आधीच स्वतःला विचारले होते.

भंगारातून पहिली बंदूक

जॉन मोझेस ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे. पंथातील लोकांबरोबर इलिनॉय सोडून ते युटात आले आणि ऑग्डेनला त्यांनी दुरुस्तीचे दुकान टाकले. घर मोठे होते. जोनाथन यांच्या तीन बायका आणि बावीस मुले. जॉनचे शाळेतील शिक्षण बेताचे झाले, पण दुकानातल्या भंगाराच्या ढिगात हवे ते सापडायचे. तिथलीच एक मोडकी नळी आणि लाकडाचा तुकडा घेऊन दहा-अकरा वर्षांच्या जॉनने बंदूक बनवली आणि धाकटा भाऊ मॅटला सोबत घेऊन पक्षी मारून आणले, अशी गोष्ट त्यांच्या चरित्रात येते. वडिलांनी पक्षी खाल्ले, बंदूक हातात घेऊन पाहिली आणि या वयाच्या मुलाकडून याहून बरे काम व्हायला हवे होते, असा शेरा दिला म्हणे.

वडील १८७९ मध्ये गेले. त्याच वर्षी जॉनचे लग्न झाले आणि ऑक्टोबरमध्ये एकबारी रायफलचे त्यांचे पहिले पेटंट मंजूर झाले. भावांनी मिळून लहानसा कारखाना काढला. यातली एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या विक्रेत्याच्या नजरेस पडली. १८८३ मध्ये कंपनीचे टी. जी. बेनेट थेट ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर देऊन रायफलचे हक्क घेऊन गेले. पुढची एकोणीस वर्षे हाच व्यवहार चालू राहिला. ब्राउनिंग नमुना बनवायचे, विंचेस्टर एकरकमी विकत घ्यायची. त्यातले बरेच आराखडे कंपनीने कधी बनवलेच नाहीत. ते दुसऱ्याच्या हाती पडू नयेत एवढाच हेतू. वर्षानुवर्षे आपले काम दुसऱ्याच्या कपाटात पडून राहिलेले पाहणे कुठल्याही कारागिराला सोपे नसावे.

त्यांच्या कामाची पद्धत आजच्या इंजिनीअरला चक्रावून टाकेल. ते नीट ड्रॉइंग काढत नसत. भाग आधी डोक्यात जुळवायचे, पत्र्याचे नमुने कापायचे, कानशीने घासून धातूत उतरवायचे. ड्रॉइंग नंतर दुसरे कोणी तरी काढायचे. चौथ्या सेमिस्टरला मशीन ड्रॉइंगने रडवलेल्या पिढीने हे वाचून उसासा टाकायला हरकत नाही.

त्याआधीच्या खिशातल्या बंदुकांत काय उणे होते?

अंगावर लपवून बाळगायची बंदूक ही काही ब्राउनिंग यांची कल्पना नव्हे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांची तळहाताएवढी पिस्तुले त्याच्या कितीतरी आधीपासून विकली जात होती. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती त्याच जातीच्या पिस्तुलातून. पण त्यात बार एकच. तो फुकट गेला की हातात लाकूड आणि लोखंड उरायचे.

रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा गोळ्या मावायच्या. मात्र त्याचे फिरते चक्र जाड. कोटाच्या खिशात त्याचा फुगवटा दिसतो आणि मागचा घोडा कापडात अडकतो. १८९० च्या दशकात स्वयंभरणाची पिस्तुले आली. एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर आणि पुढचे काडतूस आत. जर्मनीतील बोर्शार्ट आणि माउझर ही त्यातली गाजलेली नावे. पण त्यांचे वजन किलोहून जास्त आणि आकार असा, की लपवणे सोडाच, सोबत न्यायलाही स्वतंत्र पेटी लागायची.

ब्राउनिंग या वाटेला वळले ते गवत पाहून. १८८९ च्या सुमारास नेमबाजीच्या एका मैदानावर, गोळी सुटताना नळीच्या तोंडाजवळचे गवत वाऱ्याने वाकावे तसे वाकते, हे त्यांनी पाहिले. एवढी ताकद हवेत वाया जाते, ती कामाला का लावू नये? त्यातून आधी मशीनगन झाली. मग पिस्तुलाकडे लक्ष गेले.

पुंगळी मागे ढकलते, तेवढे पुरेसे आहे

इथे थोडे अकरावीचे भौतिकशास्त्र. गोळी पुढे जाते तेव्हा तितक्याच जोराने पुंगळी मागे ढकलली जाते. ती लगेच बाहेर उडाली तर जळता वायू थेट हातावर आणि तोंडावर येईल. म्हणून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागचे दार बंद राहायला हवे. मोठ्या बंदुकीत त्यासाठी कुलूपबंद यंत्रणा असते. ती जागा खाते आणि वजन वाढवते.

ब्राउनिंग यांनी छोट्या पिस्तुलातून कुलूपच काढून टाकले. नळीवरून मागे-पुढे सरकणारा पोलादी भाग, म्हणजे आज सगळे जिला स्लाइड म्हणतात ती, आणि तिला पुढे रेटणारी स्प्रिंग, एवढ्यावरच त्यांनी भागवले. हिशेब ढोबळ मांडून पाहू. ७.६५ मिमी, म्हणजे .३२ च्या काडतुसातील गोळी साधारण ४.६ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला २८० मीटरच्या आसपास. समजा स्लाइड ३०० ग्रॅमची आहे. मग तिला मागे जाण्याचा वेग मिळतो सेकंदाला जेमतेम सव्वाचार मीटर. गोळी दहा सेंटिमीटरची नळी पार करते तोपर्यंत स्लाइड फक्त दीड मिलिमीटरभर सरकलेली असते. म्हणजे दार अजून बंदच असते. जड वस्तू हलायला वेळ घेते, हेच इथले कुलूप.

मात्र हे जमते ते दुबळ्या काडतुसाला. .४५ च्या गोळीचा धक्का .३२ च्या जवळजवळ तिप्पट आहे. याच पद्धतीने ती झाडायची तर स्लाइडही तिप्पट जड लागेल. म्हणून अमेरिकी लष्करासाठी १९११ मध्ये केलेल्या .४५ च्या पिस्तुलात ब्राउनिंग यांनी नळी आणि स्लाइड पहिले काही मिलिमीटर एकमेकांत गुंतवून ठेवली. मार्च १९११ च्या चाचणीत त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते एकदाही अडले नाही. पण वजन सव्वा किलोच्या अलीकडे-पलीकडे. ते कमरेच्या पट्ट्याला शोभते, खिशाला नाही.

खिशातले पिस्तूल हवे तर मार कमी, हे त्यांनी सुरुवातीलाच कबूल केले होते. त्यामुळे त्यांनी पिस्तुलाबरोबर काडतुसेही स्वतःच घडवली. .३२ हे १८९९ चे. त्यानंतर .२५, म्हणजे ६.३५ मिमी. १९०८ मध्ये .३८० किंवा ९ मिमी शॉर्ट. ही तिन्ही काडतुसे आजही कारखान्यांत बनतात.

सायकली बघायला आलेला माणूस

बेल्जियममध्ये लिएजजवळ हेर्स्टाल येथे फाब्रिक नासिओनाल, अर्थात एफएन ही कंपनी १८८९ मध्ये निघाली होती. बेल्जियन सरकारची दीड लाख माउझर रायफलींची मागणी पुरी झाल्यावर कारखान्याला काम कमी पडू लागले आणि त्यांनी सायकली बनवायला घेतल्या. कंपनीचे हार्ट बर्ग १८९७ मध्ये सायकल धंद्यासाठी अमेरिकेत हार्टफर्डला गेले असताना त्यांची ब्राउनिंग यांच्याशी गाठ पडली. नमुन्याचे पिस्तूल त्यांना इतके आवडले की जुलैमध्ये करारही झाला. (हे बर्ग पुढे राइट बंधूंचे युरोपातील प्रतिनिधी झाले. माणसाला चांगले यंत्र ओळखण्याची नजर होती.) अमेरिकेचे हक्क कोल्टकडे, युरोपचे एफएनकडे, अशी वाटणी ठरली.

एफएनचे १९०० चे मॉडेल आले आणि बेल्जियन लष्कराने आपल्या अधिकाऱ्यांसाठी ते घेतले. सात गोळ्या, सपाट बांधा, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. सामान्य गिऱ्हाईकही तुटून पडले. फ्रेंच भाषेत ‘ब्राउनिंग’ हे पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसले, आपल्याकडे झेरॉक्सचे झाले तसे.

दरम्यान विंचेस्टरशी फाटले. स्वयंभरणाच्या शॉटगनसाठी ब्राउनिंग यांनी एकरकमी पैशांऐवजी दर नगामागे रॉयल्टी मागितली आणि बेनेट यांनी ती नाकारली. ब्राउनिंग नमुना घेऊन रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेले. ते बाहेर बसलेले असतानाच, जानेवारी १९०२ मध्ये, अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. मग ते बोटीने सरळ बेल्जियमला गेले. एफएनने शॉटगन घेतली. तिथून पुढे हेर्स्टाल हे त्यांचे दुसरे गाव झाले.

आजचा खरेदीदार काय तपासतो?

छोट्या पिस्तुलाची पारख करताना आज जे मुद्दे पाहिले जातात, ते ब्राउनिंग यांच्या तीन पिस्तुलांत एकेक करून उतरलेले दिसतात.

पहिला मुद्दा, काढताना अडकते का. कोल्टच्या १९०३ च्या मॉडेलचे नाव ‘पॉकेट हॅमरलेस’, म्हणजे बिनघोड्याचे. घोडा खरे तर आहे, पण स्लाइडच्या आत झाकलेला. बाहेर कापडात गुंतेल असे काहीच नाही. अमेरिकी सेनापतींना हेच पिस्तूल बरीच वर्षे दिले जात होते.

दुसरा, किती लहान. एफएनचे १९०६ च्या सुमाराचे .२५ चे पिस्तूल लांबीला साधारण ११४ मिमी, म्हणजे आजच्या मोबाइलपेक्षाही आखूड, आणि वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. जाकिटाच्या खिशात राहील असे. अशी दहा लाखांहून जास्त पिस्तुले एकट्या एफएनने बनवली. पण .२५ ची ताकद अगदीच मर्यादित आणि नळी एवढी आखूड की नेम फार जवळूनच धरावा. मूठ बोटांना पुरत नाही, नेम धरायची खाच नखाएवढी. माझ्या मते या पिस्तुलाचे यश जास्त मोठे मानले गेले आहे. ते विकले गेले, कारण ते सोबत नेण्याचा त्रास नव्हता. कामाला किती आले असते हा वेगळा प्रश्न.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, न विचारता सुटते का. खिशात, पर्समध्ये, उशाशी ठेवायच्या वस्तूबाबत हाच प्रश्न आधी यायला हवा. १९१० च्या मॉडेलमध्ये ब्राउनिंग यांनी याला तीन उत्तरे दिली. अंगठ्याने फिरवायचा खटका. मुठीच्या मागची पट्टी, जी हाताने नीट दाबल्याशिवाय चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. आणि मॅगझीन बाहेर काढले तर चाप निकामी. हे शेवटचे का, तर मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजण्याची चूक लोक करतात. एक काडतूस नळीच्या मागे चेंबरमध्ये राहिलेले असू शकते. स्प्रिंगही नळीभोवतीच गुंडाळून त्यांनी हे पिस्तूल आणखी सपाट केले.

याशिवाय काही गोष्टी वापरणाऱ्यालाच कळतात. हलके पिस्तूल हाताला जास्त झटका देते. कुलूप नसलेल्या रचनेत स्प्रिंग कडक असते, त्यामुळे बोटांत जोर नसलेल्या वयस्कर माणसाला स्लाइड मागे ओढणे जड जाते. आणि भरपूर गोळ्या झाडून, ते अडकत नाही अशी खात्री झाल्याशिवाय कोणत्याही छोट्या पिस्तुलावर विसंबू नये, हे जाणकार आजही सांगतात. भाग जेवढे लहान, तेवढी मळ आणि कमकुवत काडतूस सहन करण्याची त्यांची ताकद कमी.

दिसत नाही, हाच गुण आणि हीच अडचण

ब्राउनिंग यांचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री गल्ला घेऊन घरी जाणारा दुकानदार, प्रवासाला निघालेला डॉक्टर, लष्करी अधिकारी. पण जे शस्त्र दुकानदाराच्या कोटात दिसत नाही, ते कोणाच्याच कोटात दिसत नाही. १९०४ मध्ये फिनलंडचे रशियन गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह यांना गोळी घातली गेली ती ब्राउनिंग पिस्तुलाने. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिन स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-ग्युन यांनी जपानचे इतो हिरोबुमी यांना मारले, तेही ब्राउनिंगनेच. नाशिकची घटना त्यानंतर दोन महिन्यांच्या आतली.

नाशिकपर्यंतची वाट अशी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नव्हते आणि युरोपीयांना त्यातून सूट होती. लंडनच्या इंडिया हाऊसमधून विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ च्या सुरुवातीला वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला धाडली. वीस रायफली अशा आणता आल्या नसत्या, वीस रिव्हॉल्व्हर आणणेही अवघड झाले असते. चपटेपणा इथे कामी आला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना झालेल्या दोन जन्मठेपांपैकी एक याच पिस्तुलांच्या प्रकरणातली.

१९१४ च्या सुरुवातीला एफएनने दहा लाखाव्या ब्राउनिंग पिस्तुलाचा सोहळा केला आणि बेल्जियमच्या राजाने ब्राउनिंग यांना मानाचा किताब दिला. पाच महिन्यांनी, २८ जूनला, साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल एफएनचे १९१० चे मॉडेल, तीन-तीन सुरक्षा खटक्यांचे. ऑगस्टमध्ये जर्मन फौजा लिएजमध्ये शिरल्या आणि हेर्स्टालचा कारखाना त्यांच्या ताब्यात गेला.

पुढेही भारताच्या इतिहासात ही रचना येत राहते. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी राजगुरूंची. भगतसिंगांच्या हातातले पिस्तूल .३२ चे कोल्ट ऑटोमॅटिक होते. चंद्रशेखर आझाद यांचे कोल्टही .३२ चेच, ते प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली ते पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे होते, पण त्यातले काडतूस ९ मिमी शॉर्ट, ब्राउनिंग यांच्या १९०८ च्या आराखड्याचे.

बेंचवरच शेवट

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा ब्राउनिंग यांनी आपली मशीनगन, स्वयंचलित रायफल आणि .४५ पिस्तूल यांचे हक्क सरकारला साडेसात लाख डॉलरमध्ये दिले. रॉयल्टी लावली असती तर याच्या कितीतरी पट रक्कम झाली असती. विंचेस्टरशी रॉयल्टीवरून तोडणारा माणूस इथे मात्र घासाघीस करत बसला नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्टालच्या कारखान्यात काम करत असताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि मुलगा व्हॅल यांच्या कार्यालयात हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. वय ७१. बेल्जियमची त्यांची ती एकसष्टावी फेरी होती. नावावर १२८ पेटंट होती. अर्धवट राहिलेले ९ मिमीचे पिस्तूल एफएनच्या द्यूदोने सेव यांनी बरेच बदल करून पूर्ण केले आणि ते १९३५ मध्ये ‘हाय-पॉवर’ नावाने बाजारात आले. मुठीत तेरा गोळ्या. भारतात तेच पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत ‘९ मिमी १ए’ म्हणून बनते आणि लष्कर-पोलिसांच्या कमरेला दिसते.

भारतातल्या परवानाधारकाला मात्र ते घेता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ९ मिमी हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडून मिळतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. त्यामुळे स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेणाऱ्यांपुढे नेहमीचा पर्याय उरतो तो .३२ चा. सरकारी आयुध निर्माणीचे ‘अशनी’ पिस्तूलही याच बोअरचे. त्यात भरले जाते ते ७.६५ मिमीचे काडतूस ब्राउनिंग यांनी १८९९ मध्ये घडवलेले.